दोघं आत, एक बाहेर

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आणि त्याला कारण माझा धंदा. बारामतीत माझा फोटो स्टुडिओ. आता मुलगा बघतो, कॉम्प्युटरवर. पण रोलच्या जमान्यात वर्षातून चार-पाच गिऱ्हाइकं तरी घाबराघुबरा चेहरा करून प्रिंट पुढे करायची – "बघा ना भाऊ, आजोबांच्या मागे हे कोण उभं आहे?" मी भिंग लावून बघायचो. कधी कॅमेऱ्यात उजेड शिरलेला असायचा, कधी एकाच निगेटिव्हवर दोन फोटो पडलेले असायचे. एकदा तर आजोबांच्या मागची 'पांढरी बाई' म्हणजे दोरीवर वाळत घातलेलं धोतर निघालं, आणि तेही आजोबांचंच! हौशी नवरदेवांना मी एकाच फोटोत दोनदा उभं करून द्यायचो, म्हणजे भुतं उतरवलीत तशी तयारही करून दिलीत.

त्यामुळे इथे लोकांनी लिहिलेले असले अनुभव वाचतानाही माझं निम्मं लक्ष 'ह्यात गफलत कुठे झाली असेल' इकडेच असतं. स्वभावच तसा आहे, राग मानू नका. माझ्या स्वतःच्या बाबतीत जे घडलं त्यातली गफलत मात्र मला इतक्या वर्षांत सापडलेली नाही... म्हणून शेवटी लिहायला बसलो.

साल ९६ किंवा ९७. मार्चचा शेवट. लग्नांमधून "मान जरा वर... हार सरळ... नवरीकडे बघा" करून मी कंटाळलो होतो. त्यात पुण्याला एका प्रदर्शनात झेप घेतलेल्या बिबट्याचा फोटो पाहिला आणि डोक्यात किडा शिरला. आपणही निसर्गातला असा एखादा क्षण पकडायचा! नुसता सुंदर पक्षी फांदीवर बसलाय असा नाही. काहीतरी घडतंय, आणि बघणाऱ्याच्या तोंडून "अरे बाप रे" निघतंय असा. मी एक शंभर पानी वहीच केली, अशा क्षणांच्या कल्पना लिहायला. 'धुळीच्या लोटातून उडी मारणारा चिंकारा'. 'साप घेऊन उडणारा गरुड'. 'भांडणारे तितर, मागून ऊन'. वही भरत चालली होती आणि रोल वाया चालले होते. चिंकाऱ्यासाठी सुप्याच्या अभयारण्यात तीन रविवार काढले, तर सगळ्या फोटोंत चिंकारा पाठमोरा. म्हणजे पाठ तरी कसली म्हणायची! मोरगावच्या माळावर तितरांची वाट बघत बसलो होतो तर एका शेळीनं वहीची दोन पानं खाल्ली. त्या पानांवर बऱ्या कल्पना होत्या असं मला अजून वाटतं.

त्या दिवसांत तात्या भेटले. कन्हेरी गावचे. साठी ओलांडलेले, पण ताठ. एसटीच्या पासाला फोटो काढायला स्टुडिओत आले आणि तासभर बसले. त्यांच्या वडिलांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. वर्षातले सात-आठ महिने रानोमाळ फिरणं असायचं. आता चार एकर बागायत, दोन म्हशी, एक मुलगा एसटीत कंडक्टर. तरीही खांद्यावरची घोंगडी आणि हातातली काठी काही सुटली नव्हती. मी माझी वही त्यांना वाचून दाखवली. लोक कौतुक करायचे, तात्यांनी नाक मुरडलं.

"ह्ये समदं तुमच्या मनातलं हाय," ते म्हणाले. "जनावराच्या मनात काय हाय, त्ये कुठं लिवलंय ह्यात?"

"जनावराच्या मनातलं मला कसं कळणार तात्या?"

"त्याच्या मनात एकच असतंय. मानूस हाय का न्हाय. मानूस हाय तवर त्ये काय बी करनार न्हाय. आमचा बाप लांडग्याला कसा फशिवायचा, ठावं हाय? दोन गडी झुडपामागं जायचं. लांडगं लांबनं बघत असतंय. मंग एक गडी उठायचा, खाकरत, काठी आपटत, लांब निघून जायचा. लांडग्याला वाटतंय, गेलं मानूस. मंग त्ये मेंढरांकडं येतंय, अन् आतला गडी तयारच! लांडग्याला मोजता येत न्हाय बगा. मानूस आला, मानूस गेला, एवढंच कळतंय त्याला."

मी खुर्चीतून उठलोच. वहीतल्या सगळ्या कल्पनांना पुरून उरेल अशी ही एक होती.

आम्ही जागा निवडली ती भिगवणच्या पुढे, इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या काठाला. गावाचं नाव देत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. उन्हाळा लागला की पाणी मागे सरकतं आणि गाळाची जमीन उघडी पडते. त्या गाळावर काठचे लोक काकडी, कलिंगडं लावतात. अंकुश आणि सुमनबाई ह्या नवरा-बायकोचे वाफे आमच्या जागेला लागून होते, आणि वाफ्यांच्या टोकाला त्यांची पाचटाची खोप. फ्लेमिंगो तिथे उथळ पाण्यात शेकड्यांनी उतरायचे. मला हवा होता तो त्यांचा एकदम उडण्याचा क्षण. सगळा थवा एका झटक्यात पाण्यावरून सुटतोय, पंखांचा लाल रंग उघडा, खाली पाणी फुटलेलं, आणि तेही जवळून!

काठापासून दीडशे पावलांवर, गाळाची एक जीभ पाण्यात गेली होती तिच्या टोकाला आम्ही लपण केलं. चार बांबू, सभोवार गोणपाट, लेन्सपुरतं भोक. जायच्या वाटेवर आणि तळाला उसाचं पाचट, वर फळ्या. खोप आणि लपण यांच्यामध्ये पाणकणसं माजलेली होती, त्यामुळे खोपीतून आमची वाट दिसायची, लपण दिसायचं नाही.

रोजचा क्रम ठरलेला. पहाटे आम्ही दोघं आत जायचो, पक्षी उडून लांब जायचे. पाच मिनिटांनी तात्या बाहेर पडायचे, आणि काय पडायचे! काठी आपटत, खाकरत, वर मोठ्यानं ओरडत – "चला गं बायांनो, निघालो आमी! आता हितं कुनी न्हाय!" तात्या लांब गेले की दहा-पंधरा मिनिटांत फ्लेमिंगो परत. तात्या खोपीपाशी थांबायचे, सुमनबाईंच्या हातचं पाणी प्यायचे, चहा घ्यायचे, पोराबाळांची चौकशी करायचे, आणि अकराला मला बाहेर काढायला पुन्हा यायचे. आठ दिवस हे चाललं होतं. फोटो छान मिळत होते, पण तो एक क्षण काही मिळत नव्हता.

पाणी मागे सरकत होतं म्हणून एके दिवशी दुपारी आम्ही लपण उचलून वीसेक पावलं पुढे नेलं. तात्यांनी काठी गाळात खुपसून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"अजून बसला न्हाय ह्यो गाळ. वरनं कडक, खाली निस्ती आंबील. दोन दिस जाऊ द्या."

"उद्या यायचं नाही?"

"उद्या मी न्हाईच. नातीचा साखरपुडा हाय, चारला. फोटूला तुमीच यायचं हाय, इसरू नका. परवा बगू."

मी हो म्हणालो. आणि रात्री विचार केला – पक्षी आज आहेत, उद्या उडून गेले तर? साखरपुडा तर चारला आहे. सकाळी जाऊन येऊ की!

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमारास मी पोचलो. माझी एम-एटी गाडी नेहमीप्रमाणे वर रस्त्याकडेला, बाभळीखाली लावली. खोपीत हालचाल दिसली नाही. एकटाच लपणाकडे गेलो, पक्षी उडाले, मी आत बसलो. बाहेर जाणारं कुणी नव्हतं, तेव्हा पक्षी परतायला दोन तास तरी लागणार अशी मनाची तयारी केली. थर्मासमधून चहा ओतला. तो अर्धा प्यायलो असेन-नसेन... आणि फ्लेमिंगो परत आले.

दहा-बारा मिनिटं, जास्त नाही. नेहमीसारखेच, आधी चार, मग वीस-पंचवीस, मग सगळे. अगदी तात्या ओरडत निघून गेल्यावर यावेत तसे. मला नवल वाटलं, पण आयती चालून आलेली गोष्ट कोण नाकारतो? सूर्य वर यायच्या आत मी पहिला रोल संपवला. हा रोल डबीत बंद करून खिशात ठेवला होता म्हणून वाचला, तो माझ्याकडे आहे. उजेड किती कोवळा आहे आणि पक्षी किती जवळ आहेत, ते प्रिंटमध्ये स्वच्छ दिसतं.

साडेआठच्या सुमारास स्टुलाचा एक पाय कलंडला. मी तो सरळ करायला उठलो आणि उजवा पाय फळीच्या बाहेर पडला. कडक पापुद्रा फुटला आणि पाय मांडीपर्यंत आत गेला. गार, घट्ट. डाव्या पायावर जोर देऊन तो काढायला गेलो तर फळीच उलटली आणि डावाही गुडघाभर गेला.

आता माझा मूर्खपणा ऐका. त्याच वेळी ओरडलो असतो तर खोपीपर्यंत आवाज गेला असता. मी ओरडलो नाही. समोर शेकडो फ्लेमिंगो, पंधरा-वीस फुटांवर, इतके जवळ कधीच आले नव्हते... ओरडलो की उडणार! बंदूकवाला असता तर ओरडला असता. फोटोवाला गप्प बसला आणि जमेल तसे आणखी सात-आठ फोटो काढले. लेकाचा कमरेपर्यंत जातोय आणि फोकस करतोय!

मग नऊ वाजता काठावरची इंजिनं सुरू झाली. पाणी उपसायची डिझेलची इंजिनं, चार-पाच तरी असतील, नुसती धडधड. मी ओरडून बघितलं. पक्षी तेवढे उडाले. एकदम, सगळेच्या सगळे, अगदी माझ्या तोंडावरून, पंख लालभडक, पाणी हवेत. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला तोच क्षण. आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात होते.

त्यानंतर साडेतीन तास मी तिथे होतो.

पाय ओढला की दुसरा आत जायचा. आडवं व्हायचा प्रयत्न केला, पण गाळ सोडेना. ट्रायपॉड आडवा टाकून त्यावर भार दिला, तोही हळूहळू गेला. अकराच्या पुढे वारं सुटलं. पाण्याकडून काठाकडे. ज्यांनी उजनीचा काठ पाहिलाय त्यांना माहीत असेल, दुपारचं वारं पाणी काठाकडे ढकलतं. लाटा गोणपाटाच्या खालून आत येऊ लागल्या. आधी पाचट भिजलं, मग पाणी माझ्या कमरेला लागलं, मग पोटाला.

मी घाबरलो. ह्यात लपवण्यासारखं काही नाही, पार घाबरलो. तात्या कन्हेरीत होते. घरी चार-पाच वाजेपर्यंत कुणी वाट बघणार नव्हतं. गाडी वर रस्त्याला, ती बघून कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. घसा बसला होता, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि डोक्यात विचार काय चाललेला, तर धाकट्याचा शाळेच्या ओळखपत्राचा फोटो काढायचा राहिलाय. स्वतःचा बाप फोटोग्राफर आणि त्याचाच फोटो नाही, बाई रोज रागावतात म्हणून तो बिचारा सांगत होता. ह्या विचाराने मला रडू फुटलं.

पाणी छातीला लागलं तेव्हा साडेबाराच्या पुढे वाजले असतील. आणि गोणपाटाबाहेर आवाज आला – "आत कोन हाय का?"

अंकुश होता. माझा आवाज फुटेना. मी हातानं बांबू हलवला.

त्यानं गोणपाट फाडलं, मला बघितलं, आणि काठाकडे तोंड करून बायकोला हाक मारली. सुमनबाई डोक्यावर बाज घेऊन धावत आल्या. बाज गाळावर आडवी टाकली, अंकुश तिच्यावर पोटावर झोपला आणि हातानं माझ्या पायाभोवतीचा गाळ उकरायला लागला. मध्येच थांबून म्हणाला, "भाऊ, पेटी काढू का आधी? पान्यात चाललीया."

पेटी म्हणजे माझा कॅमेरा. दोन वर्षं पै-पै जमवून घेतलेला.

"राहू दे," मी म्हणालो. "मला काढ."

सुमनबाईंनी मागून काखेत हात घातले. आधी डावा पाय निघाला, मग अर्ध्या तासाने उजवा. बूट आतच राहिले, ते अजून तिथेच असतील. बाजेवर पडल्या पडल्या मी आभाळाकडे बघितलं आणि हसायला लागलो. थांबवताच येईना. ते दोघंही हसायला लागले. जिवात जीव येणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. अगदी पोटातून, उबळीसारखं येतं ते.

खोपीत नेऊन त्यांनी मला अंघोळ घातली, अंकुशचा पायजमा-सदरा दिला. सुमनबाईंनी चहा केला. कप माझ्या हातात दिला. आणि मग जरा फुरंगटूनच म्हणाल्या,

"तात्यास्नी सांगा, एवढं काय रागवायचं? आमचं काय चुकलं असंल तर बोलून दाखवावं."

"तात्या? तात्यांचं काय?"

"सकाळी पानी सुदा न पिता गेलं की. मी हाक मारली, तात्या, च्या टाकलाय, तर वळून बी बघितलं न्हाय."

मला वाटलं त्या कालची गोष्ट सांगताहेत. "तात्या आज आलेच नाहीत सुमनताई. त्यांच्या नातीचा साखरपुडा आहे आज."



"असं कसं? दोघं गेलात की आत. तांबडं फुटताना. मी खोपीमागं चूल पेटवत हुते. तुमी फुडं, तात्या मागं. मंग दिस उगवायच्या आत तात्या एकलंच माघारी आलं. ह्या हितनं, बांधावरनं गेलं. घोंगडी, काठी, समदं हुतं. पर रोजच्यावानी वरडत न्हवतं. गपगुमान, खाली मान घालून. मला लई वाईट वाटलं. मंग अकरा झालं, बारा झालं, तुमास्नी न्ह्यायला बी माघारी आलं न्हाईत. मी म्हनलं, भांडान झालं असंल दोघांचं, रागानं सोडून गेलं म्हातारं. म्हून ह्यास्नी धाडलं."

अंकुश मध्येच म्हणाला, "मी न्हवतो येत. म्हनलं, गेलं असतील दोगं बी. तर म्हनली, दोगं गेलं, एक आलं, एक आतच हाय. मला मोजता येतंय."

आणि मग तो जरा आवाज खाली आणून म्हणाला, "पर खरं सांगू का भाऊ? वाटंवर, पाचटाच्या अलीकडं, ताजी पावलं एकाचीच हुती. बुटाची. जायाची. तात्यांच्या पायतानाचं एक बी न्हवतं, जायाचं न्हाय, यायचं न्हाय. मला वाटलं, हिला भास झाला. माघारी फिरनार हुतो. मंग मनात आलं, एकाची का असंनात, पावलं जायाची हायेत, यायची कुठं हायेत?"

सुमनबाई एकदम चिडल्या. "मी काय आंधळी हाय व्हय? ह्या बांधावरनं गेलं! हितनं हात लागंल एवढ्या अंतरावरनं!"

बाहेर इंजिनं धडधडत होती.

एकटा गेलेला दिसलो असतो तर? मी हे त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मंग कशाला ध्यान दिलं असतं? तुमचं तुमी आलात, तुमचं तुमी गेलात." म्हणजे मला वाचवलं ते रुसव्यानं. एक माणूस पाणी न पिता गेला, ह्या रुसव्यानं.

अंकुशच्या पायजम्यात, अनवाणी, मी बारामतीला आलो. स्टुडिओतून दुसरा जुना कॅमेरा घेतला आणि चारच्या आत कन्हेरी गाठली. तात्या मांडवात पाहुण्यांना टोप्या देत होते. मला पायापासून डोक्यापर्यंत बघून म्हणाले, "गेलातच न्हवं?"

त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पहाटे चारपासून ते मांडवात होते. आचारी, भावकी, शेजारी, सगळे साक्षीला. मला वाटलं होतं तात्या घाबरतील, अंगारा-धुपारा काहीतरी काढतील. तसं काही झालं नाही. काठीच्या टोकानं मातीत रेघा ओढत ते अगदी दुखावल्या आवाजात म्हणाले,

"तिनं हाक मारली अन् मी थांबलो न्हाय? असं मी कवा केलंय?"

"तुम्ही नव्हताच तात्या!"

"त्ये खरं. पर तिला त्ये कसं ठावं?"

चौथ्या दिवशी ते मला घेऊन खोपीवर गेले. सुमनबाईंसमोर मांडी घालून बसले आणि तांब्याभर पाणी प्यायले. तांब्या रिकामा करून परत पुढे केला. "अजून एक दे बाय. त्या दिसाचा." सुमनबाईंनी दिला. त्यावर दोघंही पुन्हा कधी एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. माझ्या दृष्टीनं संपत नाही, हीच तर अडचण आहे.

कारण मी गफलत शोधणारा माणूस. सुमनबाईंनी आदल्या दिवशीचं आठवून सांगितलं? पण आदल्या दिवशी तात्या तासभर गप्पा मारत बसले होते. दुसराच कुणी म्हातारा बांधावरून गेला असेल? असेलही, घोंगडीवाले कमी नाहीत. पण मग आत जाताना माझ्यामागे कोण होतं? पहाटेचा अंधुक उजेड, चुलीचा धूर, डोळ्यांचा दोष? ठीक, मानतो. एका बाईची नजर चुकू शकते.

पण पक्ष्यांचं काय?

मी नंतर पक्क्या गाळावर, अंकुशला काठावर बसवून, चार वेगवेगळ्या दिवशी एकटा लपणात जाऊन बघितलं. कुणी बाहेर पडलं नाही तर फ्लेमिंगो दोन तासांच्या आत एकदाही परतले नाहीत. एकदा तर आलेच नाहीत. त्या दिवशी मात्र बारा मिनिटांत आले होते. म्हणजे कुणीतरी बाहेर पडताना त्यांनीही बघितलं. बाईनं पाहिलं ते काठावरून, पक्ष्यांनी पाहिलं ते पाण्यावरून. दोघांची चूक एकाच वेळी, एकच? आणि त्या दोघांच्या मध्ये, गोणपाटाच्या आत, मी होतो. मला ना पाऊल ऐकू आलं, ना खाकरणं. मला काहीसुद्धा दिसलं नाही. ज्याचा धंदाच बघण्याचा, तो एकटाच राहिला बघायचा.

त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. साखरपुड्याचे फोटो काढून घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बायकोनं दार उघडलं. परका पायजमा, अनवाणी पाय, कानात चिखल. तिनं आधी मला घट्ट धरलं, मग रागावली, मग सगळं विचारून घेतलं. गाळात अडकलो, पाणी छातीपर्यंत आलं, शेवटी वाफ्यावरच्या लोकांनी काढलं, एवढं मी सांगितलं. धाकटा पायाला चिकटून उभा होता. मी त्याला उचलून घेतलं आणि सोडलंच नाही.

"एकटे होतात तिथे?" तिनं विचारलं.

हो म्हणावं तर सुमनबाई खोट्या पडतात, आणि त्या खोट्या असत्या तर मी दारात उभा नसतो.

"नाही," मी म्हणालो. "कुणीतरी होतं बरोबर."

"देवाची कृपा," ती म्हणाली, आणि पाणी तापवायला आत गेली. मी तेव्हा बायकोशी खोटं बोललो की खरं, ते मला आजही सांगता येत नाही.